किंमत औषधाची की लेपाची?

मोठ्या आतड्याला व्रण पडून रक्त जाऊ लागले, म्हणजे डॉक्टर बहुधा मेसालामाइनच्या गोळ्या लिहून देतात. त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. आम्ही डॉक्टर नव्हे. बिल चुकते करणाऱ्यांपैकी आहोत.

वस्तुतः हे द्रव्य जुनेच. १९४०च्या सुमारास स्वीडनमध्ये डॉ. नॅना स्व्हार्ट्झ यांनी सल्फासालाझिन वापरात आणले, त्याचाच हा एक घटक. गुण याच घटकाचा, हे १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये आझाद खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. परंतु ते नुसते गिळले तर बरेचसे लहान आतड्यातच शोषले जाते. पुढे पोचविण्यास लेप हवा, आणि पेटंट असते ते अशा लेपावर. अमेरिकेत २०१३ साली असाकॉलच्या ४०० मिलिग्रॅम गोळीचे पेटंट सरत आले, तोच कंपनीने ती बाजारातून काढली आणि तसलीच गोळी कॅप्सूलमध्ये घालून डेल्झिकॉल म्हणून आणली! अंगरखा बदलला, गडी तोच.

मग खर्च कमी कसा करावा? गोळी मोडून अर्धी घेणे ही काटकसर नव्हे. लेप फुटला की औषध वाटेतच संपले. रक्त थांबले म्हणून गोळ्या सोडणे त्याहून महाग, दुखणे उलटते. डॉक्टरांनाच सरळ विचारावे : याची जेनेरिक गोळी आहे काय? जुने सल्फासालाझिन मला चालेल काय? त्याने काहींचे डोके दुखते, मळमळते. सल्फा न सोसणाऱ्यांना तर ते वर्ज्यच. ज्यांना सोसते, त्यांच्या मोठ्या आतड्यातील जंतूच ते फोडून मेसालामाइन मोकळे करतात. त्या कामाचे पैसे पडत नाहीत.