बिनमुखवट्याचे प्रेमिक

सोळाव्या शतकातल्या इटलीत फिरत्या नाटकमंडळ्यांचा एक विनोदी खेळ फार लोकप्रिय होता. त्याचं नाव ‘कोमेदिया देल्लार्ते’. त्यात पात्रं ठरलेली असत. व्हेनिसचा कंजूष म्हातारा व्यापारी पांतालोने, बोलोन्याचा पढतमूर्ख दोत्तोरे, बेर्गामोकडचा खादाड नोकर आर्लेक्किनो. यांच्या तोंडावर चामड्याचे अर्धे मुखवटे आणि बोली आपापल्या गावची.

यांच्यात एक तरुण जोडी हमखास असायची, प्रेमिकांची. त्यांना मुखवटा नसे आणि त्यांची भाषा शुद्ध तोस्कानी, पुस्तकातली. बाप तिचं लग्न एखाद्या म्हाताऱ्याशी ठरवून मोकळा झालेला असतो आणि ही दोघं अलंकारिक भाषेत उसासे टाकत बसतात! चिठ्ठी पोचवायची तर नोकर, युक्ती काढायची तर नोकर. आपण हास्यास्पद दिसतो हे त्यांच्या गावीही नसतं. पण ही जोडी काढून टाका, खेळ जागचा हलणार नाही. म्हाताऱ्यांचा हट्ट आणि नोकरांच्या लबाड्या, सगळं यांच्यापायी.

या खेळाला लिहिलेली संहिता नसे, नुसता कथेचा आराखडा. संवाद रंगमंचावर सुचतील तसे. मात्र प्रेमिकांचं काम करणाऱ्या नटांना आर्जव, मत्सर, विरह यांची भाषणं आधीच तोंडपाठ करून ठेवावी लागत. त्यासाठी वाचन हवं.

असं वाचन असलेली नटी म्हणजे इझाबेल्ला आंद्रेइनी. जन्म १५६२, पादोवाचा. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांची कामं मुलगे करत होते, त्या काळात ही बाई ‘जेलोझी’ मंडळीची नायिका होती आणि लेखिकाही. १५८८ साली तिचं ‘मिर्तिल्ला’ हे नाटक छापलं गेलं.

१५८९ साली फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातल्या लग्नाच्या उत्सवात तिनं प्रेमभंगानं वेडी झालेली नायिका उभी केली. त्या वेडाच्या भरात ती परक्या भाषा बोलू लागली आणि पाठोपाठ आपल्याच मंडळीतल्या पांतालोनेच्या, नोकरांच्या बोलींची हुबेहूब नक्कल करू लागली. एरवी जिच्या तोंडी फक्त शुद्ध भाषा, ती सगळ्या मुखवट्यांची भाषा बोलली. नाजूक, बावळट समजल्या जाणाऱ्या भूमिकेत केवढी ताकद दडली आहे, हे त्या दिवशी दिसलं.

१६०४ साली फ्रान्सहून परतताना लियों इथं गरोदरपणातच तिचा मृत्यू झाला. तिचा नवरा फ्रांचेस्को, त्याच मंडळीतला नट. तरुणपणी प्रेमिक, पुढे बढाईखोर कप्तान. त्यानं मंडळी मोडली आणि १६०७ साली तिची पत्रं छापून आणली. रंगमंचावर प्रेमाची पाठ केलेली भाषणं म्हणणाऱ्या त्या नटानं बायकोसाठी एवढं केलं. तिचं नाव मात्र मागे राहिलं. पुढं कितीतरी नाटकांतल्या प्रेमिकेचं नावच ‘इझाबेल्ला’ असे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)