गळ्यातील ग्रंथी आणि टाचेतील थेंब



गेल्या काही वर्षांत 'हार्मोन' हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की, मुलगा उलट बोलला तर हार्मोन, सुनेचे डोके दुखले तर हार्मोन आणि आजोबांना झोप लागेना तरीही हार्मोनच. एके काळी हा मान ग्रहांना आणि दृष्टीला होता. मराठीत त्याला संप्रेरक असा चांगला शब्द आहे. पण तो क्रमिक पुस्तकातच राहिला. आम्हीही दवाखान्यात हार्मोनच म्हणतो, तेव्हा येथे उगाच सोवळे पाळीत नाही. एका तासात साऱ्या अंतःस्रावी ग्रंथींची यात्रा करू म्हटले, तर एकाही देवाचे धड दर्शन व्हायचे नाही. म्हणून आज एकच ग्रंथी घेऊन बसायचे आम्ही ठरविले आहे.

ती आहे गळ्यात, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, वजन दीड-दोन तोळे. हिचे शास्त्रीय नाव अवटु ग्रंथी. आपण थायरॉइड म्हणतो. निरोगी माणसात ती डोळ्यांना दिसत नाही. सुजलेली असेल, तर पाण्याचा घोट गिळताना वर सरकलेली दिसते. घरी आरशासमोर हा प्रयोग जरूर करावा.

आता या ग्रंथीचे वैशिष्ट्य असे की, हिला नळीच नाही. लाळेची ग्रंथी घ्या. तिची नळी तोंडात उघडते, लाळ कोठून आली हे कळते. हिच्यातून काहीच बाहेर पडताना दिसत नाही. ती आपला माल थेट रक्तात सोडते. हे ध्यानात यायला माणसाला फार काळ लागला, कारण शरीरातील सगळे हुकूम मज्जातंतूंवाटेच जातात अशी विद्वानांची खात्री होती. ती खात्री जानेवारी 1902 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ढासळली. तेथे बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे काम करीत होते. स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली, म्हणजे घरचेच नाते. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सारे मज्जातंतू तोडले आणि त्यात पातळ आम्ल सोडले. तार तुटली होती, तरीही दूर असलेल्या स्वादुपिंडाला निरोप पोचला आणि त्याचा रस वाहू लागला! मग त्यांनी आतड्याचे आतले अस्तर खरवडून त्याचा अर्क रक्तात टोचला; पुन्हा तेच घडले. निरोप रक्तातून जात होता. अशा निरोप्या द्रव्यांना 1905 साली स्टार्लिंगने हार्मोन हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतविणे, उठविणे.

मज्जातंतू म्हणजे टेलिफोन म्हणावा. ज्याचा नंबर फिरविला त्याच्याच घरी घंटा वाजते. हार्मोन म्हणजे गावात पिटलेली दवंडी. ती आळीआळीतून सर्वांच्या कानांवर पडते, पण ज्याला सारा भरायचा असतो तोच उठून चावडीवर जातो. रक्तातील हार्मोन प्रत्येक पेशीपाशी पोचतो. ज्या पेशीपाशी ती दवंडी ऐकण्याचा कान आहे, तीच कामाला लागते. थायरॉइडच्या दवंडीची मौज ही की, ती ऐकणारे कान जवळजवळ सगळ्या घरांत आहेत. हृदय किती वेगाने चालावे, अंगात ऊब किती असावी, आतडे किती हलावे, हे सारे तिच्यावर अवलंबून असते.

दवंडी बंद पडली तर काय होते, ते शल्यवैद्यांनी नकळत दाखवून दिले. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे कोखर नावाचे मोठे सर्जन होते. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्याइतका निष्णात माणूस नव्हता. परंतु ज्यांची ग्रंथी त्यांनी समूळ काढली, ते रोगी काही काळाने सुजलेले, थंडावलेले, मंदबुद्धी झालेले त्यांना आढळले. कोखर यांनी हे झाकून ठेवले नाही. 1883 साली स्वतःच जाहीर केले. 1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कौशल्याहूनही या कबुलीचे आम्हांला अधिक मोल वाटते.

पुढे 1891 साली इंग्लंडात मरे नावाच्या तरुण डॉक्टराने अशाच थंडावलेल्या एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. काही महिन्यांत बाई बोलूचालू लागली, सूज उतरली. पुढे ती अर्क तोंडाने घेऊ लागली आणि 28 वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी साडेआठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज तेच काम मोहरीएवढी नसली तरी मसुरीएवढी एक गोळी करते.

या हार्मोनचे नाव थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आणि आयोडीन शरीराला तयार करता येत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, गर्भवतीला 250. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चार ग्रॅमही भरत नाही. चहाचा चमचासुद्धा पुरा व्हायचा नाही. पण ते रोजच्या रोज मिळावे लागते, आणि खरी मेख तेथेच आहे.

ग्रंथीवर देखरेख करणारा एक मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेला असतो. वाटाण्याएवढी पोष ग्रंथी ती हीच. लग्नाच्या पंगतीत वाढपी पानांवर नजर ठेवतो. भात कमी पडू लागला की आचाऱ्याला हाक देतो, भरपूर झाला की गप्प राहतो. पोष ग्रंथी तसेच करते. रक्तात थायरॉक्सिन कमी झाले की ती टीएसएच नावाचा हार्मोन सोडून थायरॉइडला हाक मारते. आता समजा, कोठीत तांदूळच नाही. वाढपी ओरडतो आहे, आचारी घाबरून आणखी चुली मांडतो आहे, आणखी माणसे लावतो आहे. मुदपाकखाना अंगणभर पसरला, पण भात काही शिजत नाही. श्रोतेहो, गलगंड म्हणतात तो हा पसरलेला मुदपाकखाना. गळा फुगतो तो सुबत्तेने नव्हे. ती आयोडीनची भूक असते.

प्रयोगशाळेच्या कागदावर 'टीएसएच वाढले' असे वाचून "माझे थायरॉइड फार झाले" म्हणणारे लोक आमच्याकडे रोज येतात. बहुधा उलट असते. वाढली आहे ती वाढप्याची हाक. भात कमी आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी ही भूक पिढ्यान्‌पिढ्या होती, कारण पावसाने आणि पुरांनी जमिनीतील आयोडीन धुऊन नेलेले. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी कांगडा खोऱ्यात तीन विभाग पाडले. दोहोंत आयोडीन मिसळलेले मीठ दिले, तिसऱ्यात साधे. 1962 पर्यंत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. तिसऱ्यात होते तेथेच राहिले. त्याच साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठाच्या विक्रीवर 1998 मध्ये देशभर बंदी आली, 2000 मध्ये उठली, 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. हल्ली सैंधवाचे आणि गुलाबी मिठाचे कौतुक वाढले आहे. रंग सुरेख असतो हे खरे, पण या कामापुरते आयोडीन त्यात नसते.

गळा फुगला तर दिसतो, आणि मोठ्या माणसाचे पुष्कळसे नुकसान गोळीने भरून येते. ज्याचे येत नाही, त्याच्याविषयी बोलायला आम्ही खरे म्हणजे उभे राहिलो आहो. गर्भातील मुलाचा मेंदू घडतो तोच मुळी थायरॉक्सिनच्या जोरावर. पहिले काही महिने ते आईकडून येते, पुढे मुलाची स्वतःची ग्रंथी चालू होते. मात्र आपल्याकडे हजार-बाराशे जन्मांमागे साधारण एका मुलात ही ग्रंथी नसते किंवा नीट चालत नाही. जन्मतः ते कळतही नाही, कारण आईची शिदोरी थोडा काळ पुरते. मूल अगदी गोंडस दिसते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई दीड महिन्याची मुलगी घेऊन सर्दीसाठी आमच्याकडे आल्या. मूल झोपेतच होते. बरोबरच्या आजी कौतुकाने सांगत होत्या, "फार शहाणी आहे हो पोर. रडत म्हणून नाही. दुधालासुद्धा उठवावे लागते." आम्हीही हसून म्हटले, "नशीबवान आहात!" आणि सर्दीचे औषध दिले. जन्मानंतरची कावीळ रेंगाळली होती, शौचास चार-चार दिवस होत नव्हती, आवाज घोगरा होता. हे सारे आजींनी बोलता बोलता सांगितले होते. आम्ही ऐकले नाही. मुलगी दहा महिन्यांची होऊनही मान धरीना, तेव्हा तपासणी झाली. गोळी सुरू केली. मुलगी वाढली, चालली, हसू लागली. पण शाळेतील अक्षरे तिला कधी साधली नाहीत. आज ती तरुण आहे. वाटेत भेटली की आम्हांला ओळखते आणि हात जोडते.

ज्या तपासणीने हे टळले असते ती अगदी लहान आहे. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घ्यायचे आणि टीएसएच मोजायचे. दोष निघाला तर पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू करायची. कुस्करून, आईच्या चमचाभर दुधात. असे मूल पुढे इतर मुलांसारखेच शिकते. कित्येक देशांत 1970 नंतरच्या दशकांत ही तपासणी प्रत्येक बाळाची होऊ लागली. आपल्याकडे कित्येक इस्पितळांत होते, सर्वत्र अजून होत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांनी ती मागून घ्यावी. डॉक्टर हसले तरी मागावी; आम्हीही एकदा हसलो होतो.

त्या बाईंना पुढे मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी टाचेतील रक्त घेऊन आम्हीच पाठविले. अहवाल आला, आकडा अगदी योग्य होता. आम्ही तो घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "डॉक्टर, एवढेच असते होय?"

आम्ही म्हटले, "हो. एवढेच."