अंगणातून तेजोमेघाचा फोटो: अंधार हेच आपलं भांडवल

बोलतोय अंतरवाली सराटीहून, जिल्हा जालना. गावाचं नाव बातम्यांत ऐकलं असेल. आजचा विषय मात्र आमचं आभाळ.

7 जूनला मृग लागतो, पेरणीची घाई सुरू होते. पण तेव्हा सूर्य त्याच भागात असतो, म्हणून मृगाचे तारे दिसत नाहीत. ते पाहायचे जानेवारीत, रात्री नऊला. चार पाय, मधोमध एका रेषेत तीन तारे, तो बाण. रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी द्यायला गेलेले आमचे वडील बाण किती कलला यावरून वेळ सांगतात. त्या बाणाच्या खाली एक पुसट ठिपका आहे. तो तारा नाही, तेजोमेघ आहे. तिथे वायू आणि धुळीतून नवे तारे जन्मतात. अंतर साधारण 1,300 प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा वेरूळची लेणी कोरली जात होती.

फोटो कसा काढायचा? माझ्याकडे जुना डीएसएलआर, 50 एमएम लेन्स, साधा ट्रायपॉड. पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून पाच-पाच सेकंदांचे 225 फोटो काढायचे. मग सीरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक बसवून सरासरी घ्यायची. तेजोमेघ प्रत्येक फोटोत तोच असतो, कॅमेऱ्याचा नॉइज मात्र दरवेळी वेगळा. त्यामुळे नॉइज पंधरापट कमी होतो, कारण 225 चं वर्गमूळ 15. कोडिंगवाल्यांना हे लगेच पटेल! फोनच्या प्रो मोडवरही जमतं, फक्त तेजोमेघ गुलाबी ठिपक्याएवढा येतो. अमावस्येचा आठवडा निवडा.

हे वेड आपल्याकडे नवं नाही. पुण्यातले प्राध्यापक नायगमवाला यांनी 1891 साली याच तेजोमेघाच्या वर्णपटातल्या मुख्य रेषेवर संशोधन छापलं. ती रेष मॅग्नेशियमची आहे का, असा तेव्हा वाद होता. ती ऑक्सिजनची निघाली, हे 1927 मध्ये कळलं. आज पुण्याच्या गच्चीवरून आभाळ दुधाळ दिसतं. आपल्या अंगणात अजून अंधार आहे, आणि तो कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

पण तोही चाललाय. दिवे नकोत असं मी म्हणणार नाही. विंचू-सापाची भीती खरी आहे. प्रश्न दिव्याच्या तोंडाचा आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या भागात गावातले दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले, आणि 2024 मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. आम्ही घरच्या एलईडीवर पत्र्याचं टोपण लावलं. उजेड पायाखाली पडतो, वर जात नाही.

या अमावस्येला तुमच्या अंगणातला दिवा एकदा बघा. त्याचं तोंड कुठे आहे?