नवशिकी चेटकीण

इंग्रजीत हल्ली एका निराळ्या धर्तीच्या रहस्यकथा पुष्कळ निघतात. लहानसं गाव, गावात एक दुकान, दुकानात एक आगाऊ मांजर आणि नुकतीच चेटूक शिकू लागलेली एक मुलगी. तिचे मंत्र चुकतात, झाडू भलतीकडेच उडतो. मग गावात खून होतो, संशय नेमका हिच्यावर येतो. आणि मंत्राने नव्हे, तर डोळे उघडे ठेवून ही पोर खरा गुन्हेगार हुडकून काढते. भय बेताचंच. रात्री वाचावं आणि दिवा मालवून स्वस्थ झोपावं.

ही गोष्ट तुम्ही बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या शेळगावात देवळाच्या ओट्यावर सांगून पाहा. एखादी आजी पदर तोंडाला लावून विचारील, "चेटूक काय शाळंत शिकवत्यात व्हय?" सगळे हसतील. मग तीच आजी आवाज उतरवून विचारील, "आन् त्या पोरीला गावानं ऱ्हाऊ दिलं?"

हा दुसरा प्रश्न सोपा नाही. आपल्याकडे चेटकीण दोन जागी राहते. एक रंगमंचावर. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, 2018 साली ती वैभव मांगले यांनी पुन्हा उभी केली. मुलं तिला भितात आणि लगेच खिदळतात. दुसरी राहते कुजबुजीत. तिला लांब नाक नसतं. ती बहुधा एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा एखादा तुकडा असतो. शेजारची म्हैस आटली, लेकरू दुखणाईत पडलं, की कोणी देवऋष्याकडे 'बघायला' जातो आणि बोट तिच्याकडे वळतं. (शेळगावकरांनी रागावू नये, शहरातल्या चाळींतही हे चालतं.)

रहस्यकथेत संशय पहिल्या प्रकरणात येतो आणि पुरावा शेवटच्या. कुजबुजीत शेवटचं प्रकरणच नसतं.

अगाथा ख्रिस्तीची 'द पेल हॉर्स' ही 1961 सालची कादंबरी पाहा. तीन बायका घरबसल्या मंत्राने माणसं मारतात, असा लोकांचा समज. माणसं मरतातही. पण मारणारं असतं थॅलियम नावाचं विष, आणि ते ओळखू येतं गळणाऱ्या केसांवरून. शेवट फोडला, माफ करा. पण पुढचं सांगायला तो फोडणं भाग होतं. 1977 साली लंडनच्या एका इस्पितळात कतारहून एक लहान मुलगी आणली होती. डॉक्टरांना निदान होईना. तिथल्या एका परिचारिकेने ही कादंबरी वाचली होती. मुलीचे केस गळताहेत हे पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली आणि मुलगी वाचली. विष घरातल्या कीटकनाशकातून आलं होतं. हीच मुलगी एखाद्या वस्तीवर आजारी पडती, तर शेजारच्या कोणत्या बाईचं नाव निघालं असतं?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे जनावराचं दूध आटतं, असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. म्हशीचं दूध कायद्यात आलं, यावरून ते प्रकरण किती जुनं ते समजा! आणि म्हैस आटते तेव्हा पुष्कळदा कासदाह असतो. सड कडक लागतो, धारेत गुठळ्या येतात. हा पुरावा ज्याला त्याला आपल्या गोठ्यात तपासता येतो.

नवशिक्या चेटकिणीची अशी कादंबरी मराठीत कोणी लिहावी, अशी माझी फार इच्छा आहे. केरसुणी आहे, बोका आहे, उसाच्या फडात हरवायला जागाही भरपूर. पोरीचा गुरू मात्र देवऋषी नको. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर चालेल.