सीतेचं पुढं काय झालं?



आज मी तुम्हाला एका वहीची गोष्ट सांगणार आहे. वही शंभर पानी, रेघांची. ती आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एका बाईची आहे. तिचं नाव मी सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. गाव नदीकडच्या बाजूचं, एवढं पुरे.

1987 सालची गोष्ट. 25 जानेवारीला, रविवारी, टीव्हीवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. सकाळी साडेनऊला लागायची. मी तेव्हा त्या गावी शिक्षक होतो. गावात टीव्ही एकच, काळापांढरा. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत. राम दिसला की म्हाताऱ्या हात जोडत. कोणी उदबत्ती लावी. कापूस वेचायचे दिवस असले तरी मजूर मालिका संपल्यावरच शेतात जात.

ही बाई दाराशी बसायची. वय चाळिशीचं. नवऱ्यानं टाकलेली. लहान मुलगी घेऊन माहेरी आली होती, निंदण-वेचणीची मजुरी करायची. माझ्या रात्रीच्या वर्गात ती बाराखडी शिकली. सही करता यायला लागली तशी म्हणाली, "बस झालं गुरुजी, अंगठा सुटला."

31 जुलै 1988 ला मालिका संपली. रामाला राज्याभिषेक झाला. लोक आनंदानं घरी गेले. ही बाई बसूनच राहिली.

"गुरुजी, सीतेचं पुढचं काऊन नाही दाखवलं?"

मी म्हणालो, "मावशी, संपलं आता. रामराज्य आलं."

"रामाले राज्य आलं. सीतेले वनवास आला. थो कोण दाखवन?"

मला उत्तर सुचलं नाही. सीतेचा तो दुसरा वनवास तिला ठाऊक होता. जात्यावर दळताना आपल्या आया-आज्यांनी सीतेचं दुःख पिढ्यान् पिढ्या गायलं आहे. शिवाय नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथं राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. रावेरीला सीतेचं देऊळ आहे, एकट्या सीतेचं, शेजारी राम नाही. लोक सांगतात, लव-कुश झाले तेव्हा सीतेनं त्या गावात मूठभर गहू मागितला. कोणी दिला नाही. तिनं शाप दिला की इथं गहू पिकायचा नाही.

दोन दिवसांनी बाई पुन्हा वर्गात आली. म्हणाली, "वही पाहिजे."

रात्री जेवणं झाली की ती चिमणीच्या उजेडात लिहायची. एका रात्रीत चार ओळी, कधी दोनच. एकदा भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन माझ्या दारी आली. 'गर्भार' लिहायचं होतं आणि रफार कुठं द्यायचा ते आठवेना. रफारासाठी पावसात भिजलेला दुसरा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही!

एक महिन्यानं तिनं वही दाखवली. टीव्हीतलीच सीता होती, तसंच बोलणारी. ती रावेरीला येते. दारोदार गहू मागते. दारं बंद होतात. इथपर्यंत ठीक. पण पुढं तिनं लिहिलं होतं की अंधार पडल्यावर एक बाई मागच्या दारानं येते आणि पदराखालून पसाभर गहू सीतेच्या ओटीत घालते.

मी मास्तर पडलो. बोलून गेलो, "मावशी, असं कुठल्याच पोथीत नाही. तुम्ही मनचं लिहू नका."

तिनं वही मिटली. पंधरा दिवस वर्गात आली नाही.

त्या पंधरा दिवसांत मला आपल्या नाथमहाराजांची आठवण झाली. एकनाथांचं भावार्थ रामायण त्यांच्या हातून पुरं झालं नाही. युद्धकांडाचे 44 अध्याय झाले आणि पुढचं त्यांचा शिष्य गावबा यानं लिहिलं. गावबा म्हणजे पुरणपोळीसाठी हट्ट करणारा म्हणून लोक हसत तोच. त्यानं गुरूची कथा पुढं नेली आणि लोकांनी ती गोड मानून घेतली. मग माझ्या मावशीनं काय गुन्हा केला? मी तिच्या घरी गेलो. चूक कबूल केली. ती काही बोलली नाही. चहा मात्र दिला.

तिकडं उत्तर भारतातही लोक हाच प्रश्न विचारत होते. वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी तर पुढची कथा दाखवा म्हणून संप केला. मग 1988 च्या ऑक्टोबरात 'उत्तर रामायण' सुरू झालं. त्यात रावेरी नव्हती. मी भीत भीत विचारलं, "आता वहीचं काय करायचं?" ती म्हणाली, "ते त्याहीचं. हे माह्यं."

असं लिहिणं जगभर चालतं, बरं का. अमेरिकेत 1966 साली 'स्टार ट्रेक' नावाची मालिका लागली. आकाशात फिरणाऱ्या जहाजाची गोष्ट. ती पाहणाऱ्यांनी पुढच्याच वर्षी स्वतःचं मासिकासारखं पुस्तक काढलं. त्यातली माणसं घेऊन पुढं ते आपल्या मनच्या गोष्टी लिहू लागले. लिहिणाऱ्यांत बायकाच पुष्कळ. याला इंग्रजीत 'फॅन फिक्शन' म्हणतात. फॅन म्हणजे चाहता. आमच्या मावशीला हा शब्द आजही माहीत नाही. त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

गहू देणारी ती बाई कोण, हे मला फार उशिरा कळलं. मावशी मुलीला घेऊन माहेरी आली त्या रात्री भावानं दार उघडलं नव्हतं. शेजारणीनं मागच्या दारानं ज्वारीच्या दोन भाकरी आणून दिल्या. ती शेजारीण पुढं वारली. मावशीला तिचे आभार मानायचे राहून गेले होते.

वहीची एकतीस पानं भरली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ढीगभर. तांबडी शाई घेऊन मी दोनदा बसलो आणि दोनदा टोपण लावलं.

2020 साली टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवलं. नातीनं आजीशेजारी बसून ते पाहिलं आणि मग ट्रंकेतली वही काढून वाचली. बत्तिसाव्या पानापासून आता ती लिहिते आहे. काय लिहिते ते मला अजून दाखवलेलं नाही.