संस्थेचा सामाजिक ताळेबंद : वाचावा कसा, ठेवावा कसा?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सप्टेंबर महिना म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभांचा महिना. आपणापैकी बहुतेकजण सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद आहात. सभेपूर्वी अहवालाचे पुस्तक घरी येते. त्यातील नफा-तोटा पत्रक लेखापरीक्षक तपासतो. परंतु शेवटच्या पानांवर 'सामाजिक कार्य' या मथळ्याखाली छायाचित्रांसह जे छापलेले असते, ते कोणी तपासायचे? आज त्याविषयी बोलायचे आहे.

खर्च म्हणजे लाभ नव्हे

काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या मदतीने झालेल्या ठिबक सिंचन प्रशिक्षणात मी व्याख्याता होतो. हजेरीपटावर २४० सह्या झाल्या आणि अहवालात '२४० शेतकरी लाभार्थी' असे छापून आले. पुढच्या उन्हाळ्यात त्यापैकी एका गावी गेलो, तर कित्येकांच्या लॅटरल गोठ्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या. एक भगिनी म्हणाल्या, "सर, सही केली आम्ही. पण ड्रीपर चोकअप झाल्यावर ॲसिड कसं सोडायचं ते कुणी सांगितलंच नाही." हा दोष माझाही होता. आम्ही सह्या मोजल्या, ठिबकखाली टिकलेले क्षेत्र मोजले नाही.

मोठ्या कंपन्यांचे काय?

आपल्या देशात टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९७९ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आपल्या सामाजिक कामाची तपासणी करून घेतली. तपासणारे बाहेरचे होते, ही बाब महत्त्वाची. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्यास सांगितले. पण खर्च झाला म्हणजे काम झाले असे नाही. म्हणून २०२१ च्या सुधारित नियमांनी मोठ्या खर्चाच्या कंपन्यांना पूर्ण झालेल्या मोठ्या प्रकल्पांचे परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेणे बंधनकारक केले. सेबीनेही २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना पाणीवापर, कचरा, कामगारांची सुरक्षितता इत्यादींचा अहवाल सक्तीचा केला.

आपल्या लहान उत्पादक कंपन्या या मर्यादांत सहसा येत नाहीत. तेथे विचारणारा एकच, तो म्हणजे सभासद.

नियंत्रण वाफा विसरू नका

नवीन खताची चाचणी घेताना आपण शेजारी एक वाफा खताशिवाय ठेवतो. दोन्हींच्या उत्पादनातील फरक तेवढा खताचा, बाकीचे श्रेय पावसाला आणि जमिनीला. संस्थेच्या कामालाही हाच नियम लावावा.

समजा, उत्पादक कंपनीने गेल्या वर्षी सोयाबीन क्विंटलला ४,२०० रुपयांनी घेतले आणि यंदा ४,६०० रुपयांनी. अहवाल म्हणेल, 'सभासदांना ४०० रुपये जादा मिळाले.' पण त्याच आठवड्यात बाजार समितीत भाव ४,४५० रुपये होता आणि गेल्या वर्षी कंपनीचा व बाजाराचा भाव सारखाच होता. म्हणजे २५० रुपये बाजाराने वाढवले. कंपनीमुळे मिळाले १५० रुपये. त्यासाठी सभासदाने घरी चाळणी-प्रतवारी केली, तिची मजुरी ४० रुपये धरली, तर हाती उरले ११० रुपये. हमाली, तोलाई किंवा वाहतूक वाचली असेल, तर ती यात मिळवावी. ११० हा आकडा ४०० पेक्षा लहान आहे, पण खरा आहे. आणि क्विंटलमागे ११० रुपये ही काही थोडीथोडकी रक्कम नव्हे.

सभेत विचारावयाचे प्रश्न

१. काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती नोंदवली होती काय? बंधारा बांधण्याआधी विहिरींची पाणीपातळी मोजली नसेल, तर नंतरच्या मापाला अर्थ नाही.

२. त्याच पावसात बंधारा नसलेल्या शेजारच्या गावात पाणी किती होते?

३. या कामात शासनाचा, ग्रामपंचायतीचा व शेतकऱ्यांच्या श्रमाचा वाटा किती? सगळे श्रेय एकाच्या नावावर नको.

४. नुकसान कोणाचे झाले? वरच्या बाजूला पाणी अडले, तर खालच्या विहिरी कोरड्या पडल्या काय?

५. दोन-तीन वर्षांनंतर काम टिकले काय? बंधाऱ्यातील गाळ कोण काढतो?

६. लहान खातेदार, महिला व शेतमजूर यांच्या वाट्याला काय आले? सरासरीच्या आकड्यात हे लपते.

सुरुवात घरून करा

यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक साधी वही पुरे. गावातील दहा विहिरींची पातळी ऑक्टोबर व मे महिन्यांत दोरीने मोजावी, खरेदीच्या दिवशीचा बाजार समितीचा भाव कंपनीच्या भावाशेजारी लिहावा, बाहेर पडलेल्या सभासदांना कारण विचारून नोंदवावे. ही वही सभेत मोठ्याने वाचावी, फसलेले कामही त्यात लिहावे. अपयशाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेवर सभासदांचा विश्वास बसतो, आणि विश्वास असला की माल व्यापाऱ्याकडे न जाता संस्थेत येतो.

यंदाच्या सभेला अहवाल वाचूनच जा. चहा-नाश्ता घेऊन हात वर करून परत येऊ नका, निदान एक प्रश्न विचारा. उत्तर न मिळाल्यास तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या वर्षी संस्थेला ते माप ठेवावेच लागेल.