संयमाचे ताट आणि हृदयाचे आरोग्य
(विष्णुपुरी येथील आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)

 

जैन गृहस्थाच्या घरी आहाराचा विचार हा नित्याचा विषय असतो. काय खावे, केव्हा खावे आणि काय वर्ज्य करावे, याचे संस्कार बालपणापासूनच होतात. त्यामुळे रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले की अशा घरी पहिला प्रश्न उमटतो : "अंडे नाही, मांस नाही, मग हे आले कोठून?"

याचे उत्तर शरीरातच आहे. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ. पेशींचे आवरण, पित्तरस आणि काही संप्रेरके यांच्या निर्मितीसाठी तो आवश्यकच आहे. त्याचा मोठा भाग यकृत स्वतः तयार करते, आणि रक्तातील अतिरिक्त एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे कार्यही मुख्यतः यकृतच करते. पेशींमधील ही यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही घराण्यांत ही यंत्रणा जन्मतःच दुबळी असते. तेथे आहार कितीही सात्त्विक असला तरी एलडीएल वाढलेलेच राहते.

शाकाहारी ताटातही सावध राहावे असे बरेच असते. तूप, लोणी, साय, पाम तेल यांतील संपृक्त स्निग्धांश अधिक झाला तर यकृताची ही शक्ती मंदावते. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट त्याहूनही अपायकारक असते. म्हणूनच भारतात २०२२ च्या आरंभापासून तेल-तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले. साखर, मैदा आणि मिठाई यांच्या अतिरेकाने ट्रायग्लिसराइड वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ६७ टक्के प्रौढांत हितकारक एचडीएल कमी, तर ३२ टक्क्यांत ट्रायग्लिसराइड अधिक आढळले. अर्थात, केवळ 'शाकाहारी' या शब्दाने हृदयाचे रक्षण होत नाही.

हा दोष वेदनारहित असतो, हीच खरी चिंतेची बाब. विष्णुपुरीच्या जलाशयातून उपसलेले गोदावरीचे पाणी कालव्याने शेतापर्यंत जाते. कालव्यात गाळ साचत असता वरून पाणी वाहतच दिसते. रक्तवाहिनीत मात्र हा साठा पृष्ठभागावर नव्हे, तर भिंतीच्या आत वाढतो. एखादे दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि हृदयविकाराचा झटका येतो. तोवर माणूस स्वतःला निरोगीच समजत असतो.

म्हणून तपासणी हाच एक मार्ग. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार पहिली तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी व्हावी. सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅमहून कमी, मधुमेहादी कारणांनी जोखीम अधिक असल्यास ७० हून कमी, आणि झटका येऊन गेलेल्यांचे ५५ हून कमी असावे, असे ही सूत्रे सांगतात.

सुधारणेची साधने मराठवाड्याच्या घरातच आहेत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मूग-मटकी, जवसाची चटणी, पालेभाज्या यांतून तंतुमय घटक मिळतात. तुपाची जागा काही अंशी करडईच्या वा शेंगदाण्याच्या तेलाने घेतली, तर एलडीएल उतरण्यास साहाय्य होते. मात्र तेलही मोजूनच वापरावे, आणि तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवू नये. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि तंबाखूचा पूर्ण त्याग यांना पर्याय नाही.

बाह्य तपांत ऊनोदरी आणि रसपरित्याग यांचा समावेश आहे. त्यांचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, औषधोपचार नव्हे. तथापि चार घास कमी घेणे, तूप वा साखर यांचा काही काळ त्याग करणे, ही शिस्त ज्या घरी आहे तेथे पथ्य परके वाटत नाही. उपवासाच्या पारण्याला मात्र तळलेले व गोड पदार्थ यांची रेलचेल झाली, तर साधलेला संयम ताटातच हरवतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. एलडीएल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील गोळी पुष्कळदा 'रात्री झोपताना' घेण्यास सांगितली जाते. चौविहार पाळणारे वडीलधारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. संकोचाने ते वैद्यांना काही सांगत नाहीत, आणि गोळी राहून जाते. वास्तविक अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन यांचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो. ती दिवसा, ठरावीक वेळी घेतली तरी चालतात. सिम्व्हास्टॅटिनसारखी काही औषधे मात्र सायंकाळीच अधिक गुणकारी ठरतात. म्हणून आपला नियम वैद्यांना निःसंकोच सांगावा आणि औषध व वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. स्नायू दुखू लागले तरी गोळी परस्पर बंद न करता त्यांना कळवावे. पर्युषणातील दीर्घ उपवासापूर्वी मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी औषधांचा सल्ला अवश्य घ्यावा.

नियम आणि उपचार यांत विरोध नाही. विरोध उभा राहतो तो मौनामुळे. घरातील ज्येष्ठांची गोळी खरोखर घेतली जाते का, एवढे प्रत्येक कुटुंबाने आजच विचारले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले.

जय जिनेंद्र.